सलग सात फूट

पाटी दाराबाहेर ठेवावी की आत न्यावी, असा धाकटीला क्षणभर प्रश्न पडला. मग तिनं ती बाहेरच ठेवली. पाटीत माती होती आणि आत मोठ्या दिरानं नुकतीच फरशी पुसून घेतली होती. तसं पाहिलं तर मातीही त्याच्याच बागेतली, आणि अजून नीट पाहिलं तर धाकटीच्याच शेतातली. दर पावसाळ्यात उतारावरच्या तिच्या पाच टप्प्यांची माती उतरून खाली दादाच्या बागेत जाऊन बसायची, आणि पाऊस संपला की धाकटीनं ती पाट्यांनी परत वर न्यायची. लग्न होऊन आल्यापासून एकवीस वर्षं हेच चाललं होतं. दादा कधी अडवायचा नाही. उलट बागेच्या फाटकात उभा राहून म्हणायचा, "न्या की. आपलीच आहे."

असं मोठं मन करायला काय जातं! मान दुखायची ती धाकटीची. दोन मणके झिजलेत, ओझं बंद, असं डॉक्टरनं सांगितल्याला आता चार महिने झाले होते.

आत अक्रोड निवडायच्या लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. एका टोकाला दादा, त्याच्या मागे आकारानुसार अक्रोड वेगळे करणारं यंत्र आणि वाळवायच्या जाळ्यांची चळत. समोर धाकटीचा नवरा, खुर्चीच्या अगदी कडेवर, म्हणजे कधीही उठून जाता यावं असा. मधे बाहेरून आलेला लाकूडवाला, खिशात मोजायची टेप आणि पुढ्यात चहा. आणि भिंतीला टेकून पोत्यावर बसलेल्या आक्का. दादाच्या पाठची, धाकट्याच्या आधीची ही बहीण लग्न न करता वरच्या घरातच राहिली होती. चाळीस वर्षं सगळ्या डोंगराला कलमं बांधून देणाऱ्या ह्या बाईची बोटं हिरव्या साली सोलून कायमची काळी झाली होती. धाकट्याचीही काळीच. दादाची मात्र आठ-दहा वर्षांत स्वच्छ झाली होती. आता तो सोलत नसे, सोललेले विकत घेत असे.

"ये गं, बस," आक्का पोत्यावर सरकल्या. "किती पाट्या झाल्या?"

"नऊ."

"नको म्हटलं होतं ना तुला?"

"पहिला टप्पा तरी भरून घेते, आक्का. मग झाडं तोडली काय आणि..." पुढचं तिनं गिळलं.

झाडं म्हणजे वरचे अकरा अक्रोड. त्यांच्यामधून घेवडा आणि बटाटे निघत, झाडांवरून अक्रोड, आणि ह्या दोन्हींवर वरचं घर कसंबसं वर्ष काढी. झाडांत पीक आणि पिकात झाड कसं लावावं हे शिकवायला मध्यंतरी शेतीखात्याचे साहेब आले होते. त्यांनी दादाच्या बागेत फोटो काढले, चहा घेतला आणि वर चढायचं आहे म्हटल्यावर घड्याळ बघितलं. अनुदानाला जेवढी जमीन लागते तेवढी वर नव्हतीच, त्यामुळे चढून करायचं तरी काय म्हणा!

वाटणीच्या वेळी वडलांनी चिठ्ठ्या टाकल्या, असं दादा सांगतो. चिठ्ठ्या लिहिल्या कुणी ते सांगत नाही. खालची सपाट जमीन थोरल्याला, वरचा उतार धाकट्याला, आणि मुलीला जमीन नाही, तर वरच्या अकरा झाडांचं फळ, ती आहे तोवर. असा कागद होता. म्हणून झाडाला कुऱ्हाड लावायची तर आक्कांची सही लागत होती, आणि म्हणून आज ही बैठक.

"एकदा परत सांगा," धाकटा लाकूडवाल्याला म्हणाला. "दादाच्या कानावर नीट जाऊ दे."

"सांगतो की. झाडं जुनी आहेत, घेर चांगला आहे. ह्याचा पातळ पापुद्रा काढतात, कागदासारखा. महागड्या कपाटांवर चिकटवतात. बुंधा सलग सात फूट पाहिजे. सात फूट मिळाले तर बोललोय तो भाव, झाड पाडून माप झालं की रोख."

तो भाव धाकटीनं पुन्हा एकदा मनातल्या मनात मोजला. तेवढ्या पैशांत खालच्या गावातला गाळा येत होता. लोखंडी शटरचा, बसस्टँडच्या बाजूचा. तिचा नवरा फवारणीचे पंप असे दुरुस्त करायचा की लोक दोन डोंगर ओलांडून यायचे, पण वर चढून यायला नको म्हणून निम्मे परत जायचे. गाळा मिळाला तर उतार सुटला, पाटी सुटली. ह्यापलीकडे तिला आयुष्यात काही नको होतं, आणि आक्कांनी परवा चुलीपाशी बसून तिला सांगितलं होतं, "करते मी सही. माझं काय, मी किती दिवसांची!"

"माझा नकार आहे," दादा म्हणाला.

"तुझा नकार कोण विचारतंय? झाडं माझी."

"फळ आक्काचं. तिच्या तोंडचं काढून घेणार तू? ह्या वयात?" दादानं बहिणीकडे पाहिलं. एवढ्या मायेनं त्यानं तिच्याकडे कधी पाहिलं होतं हे तिलाही आठवेना. "आक्का, तू घाबरू नकोस. सही नाही केलीस तर कुणी तुझं वाकडं करणार नाही. मी बसलोय."

"अरे वा! आत्ता बहीण आठवली," धाकटा हसला. "दादा, सरळ बोल ना. झाडं गेली की दोन पावसाळ्यांत सगळा उतार तुझ्या बागेत येऊन बसेल, ही तुझी भीती."

"मग? खोटं आहे का? धसला उतार तर बाग, शेड, सगळं जाईल."

"म्हणजे तुझी बाग माझ्या झाडांनी धरून ठेवलीय."

"आपल्या झाडांनी."

"विकताना तुझी-माझी, आणि माती धरताना आपली होय? ठीक आहे. मग देत जा काहीतरी वर्षाला. मी झाडं ठेवतो. एक फांदी तोडणार नाही."

"मुळांना कुणी भाडं देतं का रे?"

"भिंत बांधली असतीस तर गवंड्याला दिलं असतंस की नाही?"

"भिंत मी बांधली असती. झाडं काय तू लावलीस? वडलांनी लावली."

"आणि माती काय तू वर नेलीस?" हे धाकटी बोलली. तिलाच आश्चर्य वाटलं. मोठ्या दिरासमोर तिचा आवाज असा कधी चढला नव्हता, शिवाय त्याला ती अरेतुरे करून बसली होती. लाकूडवाल्यानं चहाचा घोट घेतला.

"दाखवा कागद," आक्का म्हणाल्या. "चष्मा कुठाय माझा? करते मी सही."

दादाचा चेहरा उतरला. धाकट्यानं कागद पुढे सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं. धाकटीनं खाली मान घातली, कारण डोळे भरून आले होते आणि ते लाकूडवाल्याला दिसायला नको होते.

आक्कांनी पेन धरलं. कागदावर तेच लिहिलं होतं: बुंधा सलग सात फूट, गाठ नसावी, जोड नसावा. बोलण्यातून जे कानावरून गेलं होतं ते कागदावर वाचलं, आणि त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

जोड नसावा.

वडलांनी वर बी पेरून झाडं लावली होती, गावठी, जाड कवचाची, दगडानं फोडावी लागणारी. दादानं मात्र खाली एक वेगळं झाड आणून जपलं होतं, ज्याचा अक्रोड दोन बोटांनी फुटायचा. त्याची कलमाला लागणारी काडी तो कुणाला देत नसे. भावालाही नाही. "माझ्याकडे आहे म्हणून तर भाव आहे," असं म्हणायचा. त्याच्या बागेत कलमं आक्काच बांधायची, पण काड्या तो मोजून द्यायचा आणि उरलेल्या मोजून परत घ्यायचा. त्या वर्षी धाकट्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं, घरात धड दोन ताटं नव्हती. आक्कानं अकरा काड्या चोळीत लपवून वर नेल्या. झाडं तेव्हा हाताच्या मनगटाएवढी. खाली बांधलं असतं तर शेळ्यांनी कोंब खाल्ले असते, म्हणून तिनं ती छातीएवढ्या उंचीवर छाटली आणि तिथं कलम बांधलं. शेंडे वाळले होते म्हणून छाटले, असं तिनं घरात सांगितलं. चार फुटांवर, अकराच्या अकरा. जातीला जात जुळली, साल एकजीव झाली, आणि पाचेक वर्षांत वरचे अक्रोडही दोन बोटांनी फुटायला लागले. माती सुधारली, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून सगळे तेच म्हणत होते.

आता सही केली तर अकरा झाडं आडवी होतील. मग साल निघेल, चार फुटांवर काळी रेघ दिसेल, आणि माणूस टेप खिशात घालून निघून जाईल. झाडंही गेली, पैसाही गेला. आणि सही न करता नुसतं गप्प बसावं, तर धाकटी जन्मभर म्हणेल, म्हातारीनं मूठभर अक्रोडांसाठी आमचा गळा दाबला. इकडे आड, तिकडे विहीर!

"काय झालं आक्का?" धाकट्यानं विचारलं. "कर ना."

"ही झाडं कलमी आहेत," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"अकराही कलमी आहेत. चार फुटांवर सांधा आहे. सलग सात फूट नाही मिळायचं ह्यांना." लाकूडवाल्याकडे बोट करून त्या घाईघाईनं बोलत होत्या, मधे थांबलं तर पुढे जमणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "मी बांधलीत. काड्या दादाच्या झाडाच्या. चोरून नेल्या होत्या मी."

दादाला आधी नुसते शब्द ऐकू आले. अर्थ मागाहून आला, आणि अर्थाबरोबर एक माणूस आला, ज्याचा त्यानं कित्येक वर्षांत विचारही केला नव्हता. बागेचा राखणदार. अकरा काड्या कमी भरल्या त्या दिवशी दादानं त्याला सगळ्यांसमोर दोन मुस्काटात दिल्या होत्या आणि पगार न देता हाकललं होतं. गरीब माणूस, शपथा घेत होता. आक्काची शिडी धरायला तोच असायचा. त्या दिवशीही आक्का शिडीवरच होती, आणि खाली उतरली नव्हती.

"तू बघत होतीस," दादा म्हणाला. "मी त्याला मारलं तेव्हा."

"हो."

"आणि तोंडातून शब्द काढला नाहीस."

"नाही काढला. काढला असता तर तू वर येऊन अकराही झाडं छाटली असतीस. नसतीस छाटली?"

छाटली असती, हे त्यालाही माहीत होतं. त्याला शरम वाटली, खरीखुरी वाटली. पण शरम फार वेळ घरात ठेवून घ्यायची त्याला सवय नव्हती. "इतकी वर्षं माझ्या कलमाची फळं खाल्लीत तुम्ही," तो म्हणाला, "आणि वर मला मातीचा हिशेब विचारता?"

"थांब, थांब." धाकटा उठून उभा राहिला होता. दादाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो बहिणीकडे पाहत होता. "किती छान गोष्ट रचलीस गं! कुणी शिकवली? ह्यानं?"

"अरे, मी कशाला शिकवू!"

"काल संध्याकाळी हा वर आला होता. माझ्या नकळत. मी नळाशी होतो, मला दिसला नाही असं वाटलं का? जन्मात जो वर चढत नाही तो काल चढला. आणि आज तुला कलम आठवलं."

"तो सही करू नकोस सांगायला आला होता," आक्का म्हणाल्या. "मी त्याला हाकललं. अरे, साल सोलून बघ. खरं-खोटं कळेल."

"उभं झाड सोलायचं नाही," लाकूडवाला पहिल्यांदाच आपणहून बोलला. "सोललेल्या झाडाला डेपोत कुणी हात लावत नाही. पाडायचं असेल तर पाडा, मग सोलतो."

"पाडतो की," धाकटा म्हणाला.

"नको," धाकटी त्याच्या दंडाला धरून म्हणाली. "ऐका जरा. आक्का खोटं कशाला बोलतील?"

"फळासाठी! सगळे पोटासाठीच बोलतात. सोड."

वर चढताना धाकटा कुणासाठी थांबला नाही. यंत्रकरवत त्यानं स्वतःच दुरुस्त केलेली होती, एका ओढीत सुरू झाली. घराजवळचं पहिलं झाड त्यानं निवडलं, ह्याच्याच सावलीत तो पंप उघडून बसायचा. त्याच्या डोक्यात आत्ता फक्त शटर होतं. त्यावर कुठल्या रंगात काय लिहायचं हेसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं. मागून आक्का येत होत्या, दम लागून दर टप्प्याला थांबत. त्या काहीतरी ओरडल्या, पण यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तरी तो थांबला नसता.

झाड पडायला वीस मिनिटं लागली. पडताना त्यानं घेवड्याच्या दोन ओळी मोडल्या. मग लाकूडवाल्यानं कुऱ्हाडीनं बुंध्याची साल एका बाजूनं सोलत आणली. एक फूट, दोन, तीन. लाकूड स्वच्छ होतं आणि धाकट्यानं विजयानं बायकोकडे पाहिलं. चौथ्या फुटाला कुऱ्हाड थांबली. बुंध्याभोवती काळपट रेघ गेली होती, कुणीतरी दोरी आवळून बांधावी तशी. लाकूडवाल्यानं तिथं एक घाव घातला, आतही काळंच निघालं.

"चार खाली, वर तीन," तो म्हणाला. "बाई बरोबर बोलत होत्या." त्यानं टेप काढलीसुद्धा नाही. "जळाऊ म्हणून घेऊ शकतो. पण त्यात माझं गाडीभाडंही निघायचं नाही, तुम्हीच वापरा."

"बाकीची दहा?" धाकट्याचा आवाज घोगरा झाला होता. "एखाददुसरं असेल ना सरळ? आक्का, सगळीच केलीस का तू? एखादं राहिलं असेल. आठव जरा."

आक्कांनी मान हलवली. एकही कलम फुकट गेलं नव्हतं. त्या वर्षी त्यांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

धाकटा पडलेल्या बुंध्यावर बसला. चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला माणूस, आणि आईसमोर रडावं तसा मोठ्यानं रडला. "तू सांगितलंस कशाला नाहीस? एवढी वर्षं! मी गाळेवाल्याला शब्द दिला. दोन महिने झाले, मी स्वप्नं बघतोय."

"तुझ्यासाठीच केलं होतं रे," आक्का म्हणाल्या. "मला काय माहीत लाकडाला भाव येईल म्हणून."



दादा शेवटी पोचला. धापा टाकत त्यानं आधी उतार पाहिला, मग उभी राहिलेली दहा झाडं मोजली, मग भावाच्या शेजारी बसला. खांद्यावर हातही ठेवला, आणि तो हात खोटा नव्हता. "झालं ते झालं," तो म्हणाला. "आता मी काय म्हणतो ते शांतपणे ऐक. तुला खाली जायचंय ना? जा. जमीन मी घेतो, झाडांसकट. बाहेरच्या कुणी घेतली तर पहिल्यांदा तो झाडं तोडेल, मला ते परवडणार नाही."

"किती देशील?"

दादानं आकडा सांगितला. धाकट्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "ह्यात गाळा येत नाही. अर्धासुद्धा येत नाही."

"उताराच्या जमिनीला आणखी कोण देतंय? विचार बाजारात. आणि आज सकाळी ह्या झाडांचं लाकूड मोलाचं होतं, आता नाही. मी नाही केलं ते." हे बोलताना त्यानं आक्कांकडे पाहिलं नाही. "माझा एक ओळखीचा आहे, त्याचं पंपाचंच दुकान आहे. कामाला लावतो तुला तिथं. पगार देईल. मागे खोली आहे, एकट्यापुरती. हिला कशाला नेतोस आत्ताच? राहील इथंच, घर काय मी पाडणार आहे? आणि आक्का, तुझं फळ तुझंच. वडलांचा शब्द आहे, तो मी मोडणार नाही."

सगळं किती व्यवस्थित बसलं होतं! सकाळी पाच मिनिटं धास्तावलेला माणूस दुपारी सगळा डोंगर खिशात घालून बसला होता, आणि मजा म्हणजे त्यानं कुणाला फसवलंही नव्हतं.

"बरं," धाकटा म्हणाला. त्याच्यात भांडायला काही उरलं नव्हतं. "कागद कर."

धाकटी वळली आणि टप्पे उतरून खाली गेली. निवडायच्या खोलीच्या दाराबाहेर तिची पाटी तशीच होती. आक्का काठी टेकत मागोमाग आल्या, आणि त्यांच्या मागून दादा, कागदासाठी.

"दादा," धाकटीनं विचारलं, "ही माती आता वर न्यायची का?"

"न्या की. आपलीच..." दादा थांबला. मग घसा साफ करून म्हणाला, "न्यायला लागेलच. झाडांची मुळं उघडी पडायला नकोत. असं कर, उद्यापासून मी तुला मजुरीचा रोज लावून देतो. बाहेरच्या बाईला देतो तेवढाच."

तो आत गेला. यंत्रापाशी कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

धाकटीनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पाटीला हात घातला. आक्का पुढे झाल्या. "थांब, मी देते उचलून. मानेला झटका बसेल."

"असू द्या, आक्का," धाकटी म्हणाली. तिनं पाटी गुडघ्यावर घेतली, तिथून छातीवर, तिथून डोक्यावर. "तुम्ही पुष्कळ केलंत आमच्यासाठी."

आक्का तिथंच उभ्या राहिल्या. धाकटी हळूहळू पहिल्या टप्प्याकडे चढायला लागली, दहावी पाटी घेऊन.